काळी बिअर आणि चकव्याची गोष्ट

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक वडीलधाऱ्या मंडळींनी कपाळास आठ्या घातल्या असतील. ज्याने जन्मभर मुलांस शुद्धलेखन आणि त्रैराशिक शिकविले, त्याने उतारवयात बिअरवर व्याख्यान द्यावे, हे काहींस विपरीत वाटेल. परंतु जी वस्तू आपल्या घरात येऊन पोहोचलीच आहे, तिच्याकडे पाठ फिरविल्याने ती जात नाही. मुलगा परगावाहून येताना एखादी बाटली आणतो. तिच्यावर कोणा भुताचे, राक्षसाचे वा परीचे चित्र असते. सून ती पाहुण्यांपुढे ठेवते. आणि घरातील म्हातारे मनुष्य ‘हे काय नवीन?’ म्हणून विचारते. त्या प्रश्नाचे सरळ उत्तर द्यावे, एवढाच माझा हेतू आहे. ह्या पेयात काय असते, ते काळे का होते, त्याचा आस्वाद कसा घ्यावा, आणि त्यावर लोककथेतील नाव घालावयाचे तर कोणते घालावे व कोणते घालू नये, ह्या चार गोष्टी मी क्रमाने सांगणार आहे. चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

प्रथम आपल्या घराजवळची हकीगत. महाराष्ट्रात लहान प्रमाणावर, कारागिराच्या निगराणीने बिअर गाळण्याची नवी चाल सुरू झाली ती २००९ साली पुण्यात, ‘डूलाली’ ह्या नावाने. पुढे २०१४ साली आमच्या ठाकुर्लीहून अवघ्या एका स्थानकावर असलेल्या डोंबिवलीत, रसायने आणि कापडाचे रंग ह्यांच्यासाठी प्रसिद्ध असलेल्या औद्योगिक वसाहतीत, ‘गेटवे ब्रुइंग’ नावाचा असाच एक कारखाना उभा राहिला. त्याने काढलेल्या बिअरांपैकी एकीचे नाव होते ‘डॉपलगँगर’. हा शब्द जर्मन आहे. त्याचा अर्थ जिवंत माणसाचे हुबेहूब प्रतिरूप. आणि ज्याला आपलेच प्रतिरूप समोरून चालत येताना दिसेल त्याचा काळ जवळ आला, अशी युरोपातील जुनी समजूत आहे. डोंबिवलीत तयार झालेल्या पेयावर जर्मनीतील पिशाच्च! मला ह्याचा राग आला नाही, कौतुकच वाटले. परंतु त्याबरोबर मनात असाही विचार आला की, खाडीकाठच्या गावांतून आणि माळावरच्या वाटांतून आपली स्वतःची एवढी भुते पिढ्यान्‌पिढ्या मुक्काम करून असता, त्यांतील एकासही येथे जागा मिळू नये काय?

त्या विचाराकडे वळण्यापूर्वी पेयाची ओळख करून घेऊ. काळ्या बिअरला ‘स्टाउट’ म्हणतात. ह्या शब्दाचा इंग्रजीतील एक जुना अर्थ दणकट, जोरकस असा आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी लंडन शहरात ओझी वाहणाऱ्या हमालांमध्ये एक तपकिरी, स्वस्त आणि पोटभरीची बिअर लोकप्रिय झाली. हमालांना इंग्रजीत पोर्टर म्हणतात, म्हणून त्या बिअरलाही पोर्टर हेच नाव पडले. तिचा जो अधिक जोरकस प्रकार असे तो ‘स्टाउट पोर्टर’. पुढे विशेष्य गळाले आणि विशेषण तेवढे उरले. ही बिअर महिनोन्‌महिने प्रचंड लाकडी पिंपांत मुरवीत ठेवीत. ही पिंपे किती प्रचंड असत, हे सांगण्यास एक दुःखद प्रसंग पुरेसा आहे. १७ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमधील अशा एका कारखान्यातील सुमारे २२ फूट उंचीचे पिंप फुटले, त्याच्या धक्क्याने आणखी पिंपे फुटली, आणि बिअरचा लोंढा शेजारच्या गरीब वस्तीत शिरून आठ माणसे प्राणांस मुकली.

आता ही बिअर काळी का होते ते पाहू. गृहिणींनी येथे विशेष लक्ष द्यावे, कारण ह्यातील पहिली क्रिया त्यांच्या नित्य परिचयाची आहे. तान्ह्या मुलासाठी नाचणीचे सत्त्व करताना आपण नाचणी भिजवितो, फडक्यात बांधून तिला मोड आणतो, मग वाळवून, भाजून दळतो. बिअरसाठी नेमके हेच सातूचे करतात. मोड आलेल्या व वाळविलेल्या धान्यास ‘माल्ट’ म्हणतात. म्हणजे नाचणीचे सत्त्व हेही एक माल्टच होय. मोड येताना दाण्याच्या पोटात काही पाचक द्रव्ये जागी होतात. हे माल्ट भरडून सुमारे ६५ ते ६८ अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात तासभर ठेवले की ती द्रव्ये पिठाचे रूपांतर साखरेत करतात. शाळेच्या प्रयोगशाळेत हे सहज दाखविता येते. आरंभी त्या पाण्याच्या थेंबावर आयोडीन टाकले तर तो निळाकाळा होतो, कारण त्यात पीठ आहे. तासाभराने टाकले तर रंग पालटत नाही, कारण पिठाची साखर झालेली असते. हे गोड पाणी गाळून, ‘हॉप’ नावाच्या वेलीची कडू फुले घालून उकळतात, निववितात, आणि त्यात यीस्ट म्हणजे किण्व सोडतात. हा सूक्ष्म जीव साखर खातो आणि मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड वायू मागे ठेवतो. आठपंधरा दिवसांत बिअर तयार होते.

हे सर्व बिअरांस समान आहे. स्टाउटचा विशेष एवढाच की, तिच्यातील थोडे धान्य, बहुधा दहाव्या हिश्शाच्या आतबाहेर, कॉफीच्या बियांप्रमाणे जवळजवळ काळे होईपर्यंत भाजलेले असते. ही युक्ती सुचली तिची कथा मनोरंजक आहे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात द्रवाची घनता मोजण्याचे यंत्र लंडनच्या कारखानदारांच्या हाती आले. त्यांनी मापून पाहिले तेव्हा असे आढळले की, तपकिरी माल्टापेक्षा फिक्या माल्टातून साखर पुष्कळ अधिक निघते. व्यवहारी मनुष्य फिक्या माल्टाकडे वळला. परंतु मग बिअरचा रंग गेला, आणि गिऱ्हाइकाला तर काळीच बिअर पाहिजे! रंगासाठी भलतेसलते पदार्थ मिसळण्यास कायद्याची आडकाठी होती. अखेर १८१७ साली डॅनियल व्हीलर नावाच्या इंग्रजाने, कॉफी भाजण्याच्या पिंपासारखे फिरते पिंप योजून माल्ट जळू न देता काळे भाजण्याचे पेटंट घेतले. तेव्हापासून मूठभर काळे धान्य सबंध पिंपाला रंग देऊ लागले. आयर्लंडची राजधानी डब्लिन येथे आर्थर गिनेस ह्या गृहस्थाने १७५९ साली वर्षाला ४५ पौंड भाड्याने तब्बल ९,००० वर्षांच्या कराराने जागा घेतली होती. त्याच्या वंशजांच्या कारखान्याने पुढे ह्या काळ्या बिअरला जगभर नेले.

धान्य भाजताना त्यातील शर्करा आणि प्रथिनांचे घटक ह्यांचा उष्णतेने संयोग होऊन शेकडो नवी सुगंधी द्रव्ये जन्मतात. १९१२ साली मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या क्रियेचे वर्णन केले. तव्यावरील भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, कढईत परतलेला रवा, कॉफी, ह्या सर्वांच्या खमंगपणाचे मूळ तेच आहे. म्हणून स्टाउट प्रथमच चाखणाऱ्यास तीत कॉफी, कडू चॉकलेट, काळा गूळ किंवा किंचित करपलेली भाकरी ह्यांची आठवण होते. ह्यांपैकी काहीही तीत घातलेले नसले तरी ही आठवण खोटी नसते.

येथे दोन भ्रम दूर केले पाहिजेत. पहिला भ्रम असा की, जितकी काळी तितकी कडक. रंग भाजण्याने येतो, मद्यार्क साखरेने. दोहोंचा संबंध नाही. डब्लिनची प्रसिद्ध पिंपातील काळी बिअर शेकडा ४.२ मद्यार्काची, म्हणजे पुष्कळ पिवळ्या बिअरांहून सौम्य असते. उलट श्रीलंकेची ‘लायन स्टाउट’ शेकडा ८.८ पर्यंत जाते. तेव्हा रंग पाहू नये, बाटलीवरील आकडा वाचावा. गणित सोपे आहे: ३३० मिलिलिटरच्या बाटलीवर शेकडा ५ असे लिहिले असेल तर तीत साडेसोळा मिलिलिटर, वजनाने सुमारे १३ ग्रॅम, शुद्ध मद्यार्क असतो, ८.८ लिहिले असेल तर सुमारे २३ ग्रॅम. बाटली तीच, मात्रा पावणेदोन पट.

दुसरा भ्रम असा की, काळी बिअर रक्तवर्धक आहे. १९२९ सालापासून विलायतेत ती प्रकृतीस हितकर असल्याची जाहिरात जोराने चालली आणि बाळंतिणींस व शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांसही ती देत असत. वस्तुतः तीत लोहाचा अंश नाममात्र असतो. मद्याची अमुक एक मात्रा निर्धोक आहे असे म्हणता येत नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट केले आहे. यास्तव जो पीत नाही त्याने औषध म्हणून आरंभ करू नये. जो पितो त्याने निदान ती चवीसाठी प्यावी, आणि कायदा पाळून. आपल्या राज्यात बिअरसाठी वयाची २१ वर्षे पुरी असावी लागतात, आणि १९४९ सालच्या दारूबंदी कायद्याने घालून दिलेली परवान्याची अट आजही पुस्तकात कायम आहे.

चवीसाठी प्यावयाची म्हणजे कशी? एक बाटली दोघाचौघांत वाटून घ्यावी. बर्फासारखी गार करू नये. फार गारठ्याने जीभ बधिर होते आणि वास झोपी जातो. शीतकपाटातून काढून पंधरावीस मिनिटे बाहेर ठेवली म्हणजे दहाबारा अंशांच्या सुमारास ती बोलू लागते. स्वच्छ काचेचा पेला तिरपा धरून ओतावी, अखेरीस सरळ करावा, म्हणजे वर बदामी रंगाचा फेस बसतो. मग पेला दिव्यासमोर धरून पाहावा. जी काळीकुट्ट वाटत होती तिच्या कडेला माणकासारखी तांबूस झाक दिसते. नंतर वास घ्यावा, आणि त्यानंतर लहान घोट. आधी गोडसर, मग भाजका, शेवटी कडवट, असे चवीचे तीन पदर उलगडतात. विलायतेत काळ्या बिअरबरोबर ऑयस्टर खाण्याची जुनी रीत आहे. ऑयस्टर म्हणजे आपल्या कोळणी खाडीच्या खडकांवरून फोडून आणतात तीच कालवे! खारट कालव आणि भाजक्या धान्याची कडवट गोडी ह्यांचे सख्य टेम्सच्या काठी जमते, तर ते ठाण्याच्या खाडीकाठी न जमण्याचे कारण नाही. निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, आणि शाकाहारी घरात तिळाची चिक्की किंवा भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा, हेही तिला शोभतात.

आता लोककथेकडे वळतो. बिअर आणि लोककथा ह्यांचे नाते नवे नाही. फिनलंडच्या ‘कालेवाला’ ह्या महाकाव्यात, जे एलियास ल्योनरोट ह्यांनी खेड्यापाड्यांतील गीते गोळा करून १८३५ साली प्रथम आणि १८४९ साली विस्ताराने प्रसिद्ध केले, बिअरच्या जन्माची कथा आहे. ओस्मोतार नावाची स्त्री सातू शिजविते, परंतु रस काही केल्या फसफसत नाही. अनेक उपाय हरतात, आणि शेवटी एक मधमाशी दूरदेशीचा मध आणते तेव्हा पिंप उसळू लागते. यीस्टचा शोध लागण्यापूर्वी किण्वनाचे कोडे लोकांनी कथेने सोडविले होते. इंग्लंडमध्ये विचवुड नावाच्या कारखान्याने, जो २०२३ साली बंद झाला, ‘हॉबगॉब्लिन’ ह्या खोडकर घरभुताच्या नावाने गडद तांबूस बिअर काढून देशोदेशी पाठविली. भुताने व्यापारास साहाय्य केले आणि व्यापाराने भुतास दीर्घायुष्य दिले.

मग आपल्याकडे कोण आहे? यादी मोठी आहे. मुंजा आहे, जो सोडमुंज होण्यापूर्वी वारलेला मुलगा असून पिंपळावर राहतो; २०२४ साली त्याच्यावर निघालेला चित्रपट शहरातील तरुणांनी गर्दी करून पाहिला. पाण्यातला गिऱ्हा आहे. हडळ, खवीस, समंध आहेत. दक्षिण कोकणात आणि गोव्यात वेताळ आहे. तो रात्री सीमेवर फिरून गाव राखतो, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहतात, आणि जुन्या झिजलेल्या दिसल्या म्हणजे त्याच्या फेरीचा पुरावा मिळाला असे मानतात. तेथेच राखणदार किंवा देवचार आहे. त्याला रोट, विडी आणि दारूही देण्याची चाल आहे. आणि सर्वत्र आढळणारा चकवा आहे. त्याला रूप नाही, नख नाही, दात नाही. तो फक्त ओळखीची वाट अनोळखी करतो. मनुष्य रात्रभर चालतो आणि त्याच झाडापाशी परत येतो. उपाय एकच सांगितला जातो: धावपळ न करता बसून राहावे आणि उजाडू द्यावे.

ह्यांपैकी कोणाचेही नाव बाटलीवर घालावे काय? माझे उत्तर असे की, नाही. निवड केली पाहिजे. त्याचे कारण आपल्याच ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात आहे, आणि ते शहरातील सुशिक्षित घरांत क्वचितच सांगितले जाते.

ह्या मुलखात मद्य ही परकी वस्तू नव्हती. वारली, कातकरी, ठाकूर, कोळी, आगरी ह्यांच्या सणासुदीत, लग्नात आणि पितरांच्या पूजेत ताडी किंवा मोहाची दारू असे, आणि पिण्यापूर्वी चार थेंब भूमीवर सोडीत. मोहाचे झाड तर अन्नदातेच होते. त्याची फुले वाळवून टंचाईच्या दिवसांत खात. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारी कायदा केला. ताडीच्या झाडागणिक भारी कर बसला, आणि दारू गाळण्याचा हक्क मक्तेदारांच्या मोठ्या भट्ट्यांकडे गेला. पुढे १८९२ साली खास ठाणे व कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांचा कायदा आला आणि झाडाखाली पडलेली फुले वेचून घरी ठेवणे हाही अपराध ठरू लागला. जी गोष्ट काल रीत होती ती आज गुन्हा झाली. स्वतः गाळलेली दारू बंद झाली, पिणे मात्र बंद झाले नाही. ते दुकानातून, उधारीवर, कर्जाने होऊ लागले.

ह्यानंतर जे घडले ते मोठे विलक्षण आहे. १९२२ साली वसई-पालघरच्या किनाऱ्यावर मांगेला कोळ्यांच्या वस्त्यांत देवी अंगात येऊ लागली. ती रोगराईची देवी मानली जाई. तेथून ते वारे डोंगर चढून आदिवासी पाड्यांत शिरले आणि वर्षाअखेरीस दक्षिण गुजरातपर्यंत जाऊन पोहोचले. वाटेत देवीची वाणी पालटत गेली. ज्याच्या अंगात वारे येई तो सांगू लागला: दारू सोडा, ताडी सोडा, स्वच्छ राहा, दारूच्या मक्तेदाराच्या दारी मजुरीला जाऊ नका. हजारो लोकांनी ते ऐकले. डेव्हिड हार्डिमन ह्या इतिहासकाराने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हे आंदोलन सविस्तर वर्णिले आहे. बाहेरून कोणी उपदेशक आला नव्हता. ज्यांना दारूच्या दुकानाने नागविले होते त्यांनीच आपल्या देवीच्या तोंडून दुकानाला नकार दिला.

श्रोतेहो, हे ऐकल्यावर आपणच सांगा, त्या देवीचे चित्र बिअरच्या बाटलीवर छापणे कितपत शोभेल? ज्या समाजाची फुले कायद्याने हिरावली, त्याच समाजाच्या चौकातील देवता उचलून नगरातील महागड्या पेयावर नक्षी म्हणून काढावी, आणि तीही दारू सोडा म्हणणारी देवता! ह्यात केवळ अरसिकता नाही, अन्यायही आहे. म्हणून माझा नियम असा: ज्याची आज पूजा चालते, ज्याच्यापुढे कोणी नवस बोलतो, त्यास बाटलीवर घेऊ नये, मग ती गावदेवी असो, जरीमरी असो की वेताळ असो. राखणदारास दारू चालते असे म्हणून सुटका होत नाही. त्याला ती भक्ताच्या हातून, त्याच्या जागी चालते. दुकानाच्या फळीवर नव्हे. भुताखेतांची गोष्ट निराळी आहे. त्यांच्यावर कोणाची मालकी नाही. ती गोष्टीतच जन्मली, गोष्टीतच राहतात, आणि गोष्ट सांगणारा मिळाला नाही तर मरतात.

ह्या कसोटीवर मला चकवा सर्वांत योग्य वाटतो. एक तर तो सर्वांचा आहे. एका जातीचा, एका गावाचा नाही. दुसरे, त्याचा गुण ह्या पेयाशी जुळतो. रंगाने हे पेय कडक वाटते, असते सौम्य. तीत कॉफी वाटते, असते सातू. अंधार वाटतो, उजेडापुढे धरताच माणीक चमकते. ही फसवणूक निरुपद्रवी व रम्य आहे. तिसरे कारण असे की, त्याच्या कथेतच इशारा आहे. एकामागून एक पेला घेणारा मनुष्य त्याच झाडापाशी पुनःपुन्हा येत असतो. थांबावे, बसावे, उजाडू द्यावे, हा उपाय त्यालाही लागू आहे. कोणी कल्पक कारागिराने नाचणीच्या माल्टाचा थोडा भाग आणि कोकणचा काळा गूळ घालून अशी बिअर केली, तर तिचे नाव आणि तिचा गुण दोन्ही ह्याच मातीतील होतील. परंतु त्याने बाटलीवर केवळ विक्राळ तोंड छापून थांबू नये. चार ओळींत चकव्याची गोष्ट लिहावी, आणि ती कोणत्या भागात ऐकली हेही सांगावे. नाव घेतले तर ऋण मानावे, ही साधी सभ्यता आहे.

आमच्या ठाकुर्लीत, चोळे येथे, रेल्वेला वीज पुरविण्यासाठी १९२९ साली सुरू झालेले वीजघर कित्येक वर्षांपूर्वी बंद पडले. ज्या वाटांवर चकवा लागे तेथे आता इमारती आहेत आणि रात्रभर दिवे जळतात. चकव्याला लपण्यास अंधार उरला नाही, आणि त्याची गोष्ट सांगणारी माणसेही वर्षागणिक कमी होत आहेत. पेल्यातील काळोखाच्या निमित्ताने घरातील एखाद्या नातवाने आजीला ‘चकवा म्हणजे काय गं?’ असे विचारले, आणि आजीने हातातले काम बाजूला ठेवून सांगावयास आरंभ केला, तर त्या संध्याकाळी कोणी एक थेंब न घेताही आस्वाद पुरा झाला असे मी समजेन.